बाबांच्या समोरची भिंत

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांची खोली रंगवायला काढलीस, बरं झालं. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या, पण स्वतःच्या घराला कधी चुन्यापलीकडे काही लागू दिलं नाही. आता वाचा गेली, अंथरुणाला खिळले. समोरची भिंत तरी मनासारखी मिळू दे. डावा हात हलतो ना? त्यांनाच विचार.

तू आहेस म्हणून मी निर्धास्त. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

विचारलं. भिंतीवर दोन पट्टे मारले, एक गडद राखाडी, एक निळा. रंग चार दिवस भिंतीवर बघावा, मग ठरवावं, हे बाबांचंच शिकवणं. रोज तोंड पुसून झालं की विचारते. रोज बोट निळ्याकडे. काल तर निळ्याकडे बघून हसले.

म्हणून राखाडी आणला.

दचकू नकोस. सोळाव्या वर्षी मी माझ्या खोलीला निळा मागितला होता, आठवतं? दुसऱ्याच्या घरी जाणारीला रंग कशाला, म्हणाले. मग आई गेली, आणि मला मागणी घालणाऱ्या दोघांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं. चूल कोण सांभाळणार! आता मी बावन्न वर्षांची आहे. आजपासून निळा पट्टा रोज चार बोटं राखाडीनं झाकते, त्यांच्यादेखत.

मुलीला माझा गोड पापा.

तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाचून अंगावर काटा आला. इतकी दुष्ट कधी झालीस? म्हातारा माणूस, किती दिवसांचा सोबती? निळाच दे. माझी शपथ आहे तुला.

रागावलोय, तरी तुझाच,
धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

शपथ पोचली. चुकलंच माझं. तुमचा दिवाणखाना निळाच आहे आणि खिडकीशी पलंग मावतो, मी पाहिलंय. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याशी बोलून ठेवलंय, तू फक्त हो कळव. तळहाताएवढा निळा उरलाय, तुझं उत्तर येईपर्यंत हात लावत नाही.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. तेव्हापासून दाराकडे बघत असतात.

वाट बघते. माया असू दे.

ताई

२८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. मुलीची परीक्षा, हिची कंबर, मला रजा नाही. शांतपणे विचार केला तर राखाडीच बरा वाटतो. औषधांचे डाग दिसत नाहीत.

हे पत्र बाबांना दाखवू नकोस. राग धरू नकोस.

धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

वाचून दाखवलं. मग ब्रश बुडवला आणि नेहमीसारखं विचारलं, कुठला?

या वेळी त्यांनी राखाडीकडे बोट केलं.

ताई