उघडं घड्याळ

३ मार्च
अखेर नोकरी लागली! घड्याळदुरुस्तीचा कारखाना, खिडकीजवळचं टेबल, उशीची खुर्ची. आयुष्यभर बसून खायचं स्वप्न होतं. निदान बसून कमवायचं तरी जमलं. बायको हसली आणि डब्यासोबत शुगरच्या गोळ्या दिल्या. मधुमेहाचं मालकांना सांगितलेलं नाही. दुखणेकरी माणूस कोण ठेवून घेतो?

इथला नियम एकच: घड्याळ उघडलं की बंद होईपर्यंत उठायचं नाही. उठताना टेबलाला धक्का लागला तरी बारीक भाग उडतात. म्हणून सगळे पाणीही बेतानंच पितात. मीही पितो.

९ मार्च
माझ्या टेबलाखालची फरशी डावीकडे झिजली आहे, कुणाच्या तरी टाचेनं. शेजारचा कारागीर म्हणाला, आधीचे काका याच खुर्चीत गेले, भिंग डोळ्यालाच होतं. त्यांनाही शुगर होती. माझी टाच त्या खळग्यात बरोबर बसते. मला ते आवडलं नाही.

१७ मार्च
डाव्या पोटरीला कुणीतरी धरलं. बोटं स्पष्ट जाणवली. वाकून पाहिलं, कुणी नाही. शुगरनं पाय बधिर झालेत, पायातली चप्पल निसटली तरी मला कळत नाही, मग ही बोटं कशी कळली? घरी बायकोनं सुजलेला पाय चोळून दिला.

१९ मार्च, सकाळ
डॉक्टरांनी आधी चोळणं बंद करायला सांगितलं. शिरेत रक्ताची गाठ असावी. मधुमेहात रक्त लवकर गोठतं, त्यात दिवसभर बसणं, पाणी नाही. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. आत्ताच दाखल व्हा म्हणाले. पण काल पाय ठणकला म्हणून नियम मोडून एक घड्याळ उघडंच टाकून आलोय. बायको म्हणाली, "अहो, राहू द्या ते घड्याळ. तुम्ही चला." तिला दवाखान्यात पुढं पाठवलं. आलोच म्हणालो.

दुपार
मालकांना सगळं सांगितलं. रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "झाकण लावा आणि निघा. उघडं टाकून इथून कुणी उठत नाही."
बसलो. पोटरीवर तीच पकड. स्क्रू बसत नाही. चिमटा बाजूला ठेवून हे लिहितोय —

बोटं गुडघ्याच्या वर. शेजारचा मान वर करत नाही. त्याचंही घड्याळ उघडं आहे.

मला जगायचंय. ती दवाखान्याच्या दारात वाट बघत असेल —

सुटली. पकड सुटली! पाय एकदम मोकळा. देवा, किती बरं —

छातीत. तीच बोटं छातीत —
श्वास —
झाकण फक्त ला