लाल दिवा दाखवला नव्हता

गारखेडा, औरंगाबाद
मंगळवार, १२ फेब्रुवारी १९४६

ति. कारभारी दाजींना,

पुंजारामचा नमस्कार. इकडं सगळे बरे आहोत. तुम्ही रजा टाकून अजिंठ्याला घरी पोचलात ते साळूअक्काकडून कळलं. तिचे पाय लई सुजलेत. तरी मोटारीनं एकटीच आली, धूळ खात. आईनं तिला रानातला शेवटचा हुरडा करून घातला. बाबा तुमची विचारपूस करत होते.

मी हैदराबादला इंग्लिश शाळेत शिकलो म्हणून मला पत्राची रीत येत नाय, असं तुम्ही चारचौघांत हसून सांगता. तर मी बोलतो तसंच लिहितो.

अक्काबरोबर तुम्ही निरोप धाडलात. तिनं तो हुरडा खाताना सांगितला, खाली बघत. "शनिवारी चौकशीत तू एवढंच म्हण, टावरवरनं आम्हाला लाल दिवा दिसला होता. बाकी काही बोलू नको."

मी म्हणलं, "मग कय्युमभाईंचं काय?"

ती म्हणली, "हे म्हणतात, तो जहागीरदार साहेबांचाच माणूस हाय, त्याला ते सांभाळून घेतील. आपलं कोण बघणार?"

कोण त्यांचा, दाजी? त्या जहागीरदाराला कय्युमभाईंचं नाव तरी ठाऊक आहे का? फ्लाइंग क्लबात बसून त्यांना "वो गुलमंडी का लौंडा" म्हणत होते. कय्युमभाईंचे अब्बा गुलमंडीत दुसऱ्याच्या दुकानात कापड फाडतात. हे गृहस्थ फौजेत साधे मेकॅनिक होते, तिथून शिकत शिकत विमान उडवायला लागले. आज सगळ्या क्लबात त्यांच्याएवढा इन्स्ट्रक्टर नाय. त्यांना कोण सांभाळणार? त्यांचं लायसन काढून घेतलंय, आणि शनिवारी ते कायमचं जाणार.

हिरव्यानंतर लाल दाखवला तरी कय्युमभाई उतरत राहिले, असं तुम्ही लिहून दिलंत ते मी ऐकलं. आता माझं ऐका.

आम्ही मैदानाला चक्कर मारून पश्चिमेकडनं खाली येत होतो. कय्युमभाई पुढच्या सीटवर, मी मागच्या, शिकणारा मागंच बसतो. मॉथ विमान माझ्या हातात होतं. बोलायच्या नळीतनं ते म्हणाले, "पुंजाराम पाटील, आहिस्ता. ये तुमारी बैलगाडी नक्को समझो." मी हसत होतो. टावरवरनं हिरवा दिवा दिसला, चांगला सरळ आमच्याकडं धरलेला. तो तुम्हीच धरला होता, आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाय.

हिरवा दिला की मैदान त्या विमानाचं. ते उतरून थांबेस्तोवर दुसरं कुणी हलायचं नाय, आणि कुणी हललं तर त्याला लाल दाखवायला दिवेवाल्यानं टावर सोडायचा नाय. दाजी, हे मला कुणी शिकवलं? तुमचं लग्न झालं त्या साली मला टावरवर नेलंत, तो जड दिवा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, ह्याच्या मागं उभा असलेला माणूस म्हणजे वरच्याचे डोळे. मी शाळेत सगळ्यांना सांगत फिरलो. मला विमानाचं वेड लागलं ते तुमच्यामुळं.

मग पुढं काय झालं? पूर्वेच्या टोकाला शामियाना होता. जहागीरदार साहेब त्यांच्या पोराचं नवं विमान बघायला आले होते. सगळे सलामाच्या रांगेत उभे. डोक्यावर दरबारी दस्तार, कमरेला बगलुसाचा पट्टा, मान खाली. त्या पोराला वारा कुठून येतो ते बघायची गरज वाटली नाय. अब्बाजान पूर्वेला, म्हणून त्यानं पूर्वेकडनंच विमान सोडलं, त्यांच्या डोळ्यांसमोर. हिरव्याची वाट बघितली नाय. आणि सरळ आमच्या अंगावर आला.

आमची चाकं टेकायला पुरुषभर उंची राहिली होती. मला समोर नुसता पंख्याचा गोल दिसला. मी काहीच केलं नाय, हात दगड झाले. कय्युमभाईंनी दांडा हिसकला, इंजिनला पुरा जोर दिला आणि डावीकडं उचललं. तो आमच्या चाकांखालून गेला. त्याच्या पायलट टोपीची शिवण मला दिसली, एवढ्या खालून.

त्यांनी उचललं नसतं, तर तुमच्या मेव्हण्याला फडक्यात गोळा करावं लागलं असतं. हे आधी अक्काला सांगून मग निरोप धाडायचा होता.

उतरल्यावर कय्युमभाई मला म्हणाले, "पहले पानी पिओ." मग म्हणाले, "कारभारी साब बोल रहे लाल दिये थे. दिये होंगे. मैंच नै देखा. सामनेवाले को देखता बैठ गया."

दाजी, त्या माणसानं तुमचं खोटं खरं मानलंय. दोन विमानं वाचवली आणि आता रोज स्वतःलाच शिव्या देत बसलाय. शिकवणं सोडतो म्हणतोय. तुम्ही त्याचं लायसन घेतलंत, ते एक. पण त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा घेतलात, त्याचं काय करायचं?

कारण त्यांना नाय दिसलं, पण मला दिसलं. आम्ही रांगेच्या डोक्यावरनंच गेलो. सगळे बगलुसावर हात ठेवून खांबासारखे उभे. एकटा माणूस वाकून पळत होता. त्या पोराच्या इंजिनाच्या वाऱ्यानं दस्तार उडाली होती, तिच्या मागं. मग त्यानं वर बघितलं. मी आठ दिवस स्वतःला सांगत होतो की तो दुसरा कुणी असेल. पण तुम्ही मला ओळखलंत, आणि मी तुम्हाला. मागं टावरची खिडकी सताड उघडी होती आणि तिच्यात कुणी नव्हतं.

लाल दिवा कुणी दाखवला, दाजी? उडालेल्या दस्तारीनं?

रांगेतले सगळे हे जाणतात. बोलणार कुणीच नाय, कारण साहेबांच्या रांगेत न दिसणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही यंदा नोकरीत कायम होणार होता. तुम्हाला खालून हाक आली असेल, "सलाम को नै आना है क्या?" हे मला कळतं. तुम्ही भिऊन खाली उतरलात, त्याचा मला राग नाय. राग ह्याचा आहे, की परत वर चढून तुम्ही शुद्धीत बसून लिहिलंत, लाल दाखवला. आणि ते खोटं माझ्या तोंडात घालायला गरोदर बहिणीला धाडलंत.

काल मी अक्काला सगळं सांगितलं. तिला ठाऊक नव्हतं. ती तुम्हाला टावरवरच समजत होती. ती रडली नाय. एवढंच म्हणली, "मग मला कशाला पाठवलं त्यांनी? स्वतःला येता येत नव्हतं व्हय?"

शनिवारी दुपारी माझी जबानी आहे. त्याच्या आधी या आणि तुमच्या तोंडानं सांगा. आलात तर मी तुमच्या शेजारी उभा राहीन, आणि टावरवरच्या माणसाला सलामासाठी खाली ओढायची रीत कुणाची, तेही सांगेन, जहागीरदार समोर बसलेले असले तरी. नाय आलात तर मी जे दिसलं तेवढंच सांगेन. ते तुम्हाला जास्त जड जाईल.

नोकरी गेली तर गारखेड्याचं रान आहे. बाबा तुम्हाला उपाशी ठेवणार नाहीत, आणि मीही ठेवू देणार नाय. कय्युमभाईंना कुठलं रान आहे? त्यांचं जे आहे ते सगळं वर आहे.

अक्काला इथंच ठेवून घेतोय. न्यायला याल तेव्हा आधी चौकशीच्या खोलीत जाऊन या.

तुमचा मेव्हणा, आणि त्या दिवशी मागच्या सीटवर बसलेला,
पुंजाराम