एकशे अठ्ठावीसची दुरुस्ती

२४ फेब्रुवारी

चि. पिटुकलीस,
अ. उ. आ.

अगं, मला घेतलं! मूत्रपिंडांच्या दवाखान्यात नव्या गोळीची चाचणी चालू आहे, त्यात महिन्यापूर्वी तुझ्या दादाचा नंबर लागला. दृष्ट लागेल म्हणून सांगितलं नव्हतं. तीन गोळ्या घेऊनही माझं ब्लड प्रेशर एकशेऐंशीखाली येईना. असंच राहिलं तर डायलिसिस फार लांब नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ही चौथी. बाटलीवर नाव नाही, नुसता क्रमांक. आत खरं औषध की नुसती भुकटी, हे त्यांनाही माहीत नाही!

रोज घरी प्रेशर मोजून वहीत लिहायचं, शुक्रवारी पान नेऊन द्यायचं. ओळीने तीन शुक्रवार आकडे एकशेऐंशीवर राहिले तर चाचणीतून नाव कमी. दोन शुक्रवार तसेच गेले, हा तिसरा.

त्यांनी दिलेलं मशीन मात्र नवशिक्या कंपोझिटरसारखं अंकांची अदलाबदल करतं. १८२ च्या जागी १२८, १८३ च्या जागी १३८! पण छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासलीत मी. वहीत सगळं दुरुस्त करून लिहितो.

तुझा,
दादा

२६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे कुरिअरने पाठवतेय. फोनवर तू वाद घालतोस, लिहिलेलं मात्र गुमान वाचतोस.

अरे शहाण्या, मशीन चुकत नसेल तर? माझ्या टेपवर गिऱ्हाइकाची कंबर बत्तीस आली तर मी बत्तीसच लिहिते, तेवीस करत नाही! आधी तो पट्टा वहिनीच्या दंडाला बांध. मग ती वही आणि मशीन काखेत मारून दवाखान्यात पळ. शुक्रवार उलटायच्या आत! तुझं नाव स्वतःच्या हाताने खोडू नकोस रे. माझ्या हातून सकाळपासून दोन ब्लाउज उलटे शिवून झालेत.

तुझीच,
पिटुकली

१ मार्च

चि. पिटुकलीस,
अ. उ. आ.

वहिनीचं १२२ आलं. त्यात अदलाबदल करायला जागाच नाही! ती म्हणाली, आता तरी उठा.

दवाखान्यात पोचलो तेव्हा माझं नाव कमी करायचा कागद टेबलावर तयार होता, फक्त सही बाकी. मशीनच्या पोटात सगळे आकडे साठलेले निघाले. सिस्टर हसून हसून भिंतीला टेकल्या. डॉक्टरीणबाईंनी स्वतः तीनदा प्रेशर मोजलं, कागद फाडला आणि म्हणाल्या, गोळी कोणती ते चाचणी संपल्यावरच कळेल, पण काका, तुम्ही आत आहात! मूत्रपिंडांचा रक्ताचा रिपोर्टही गेल्या महिन्यासारखाच आहे, बिघाड वाढलेला नाही.

खाडाखोड करायची नाही, चुकीवर एकच रेघ, शेजारी खरा आकडा आणि सही, असं सिस्टरनी बजावलं. चौदा रेघा मारल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर मारत आलो, या पहिल्या स्वतःच्या.

आज सकाळी १२६ आलं. पेन शिवशिवलं. पण १२६ च लिहिलं आणि जुन्या सवयीने समासात शेरा मारला, ‘आहे तसे ठेवा.’

तुझा लोभही तसाच ठेव.

तुझा,
दादा