बशीत बोललेलं

प्रिय आईस,

तुला नमस्कार आणि नातीचा पापा. आम्ही मजेत आहोत. गुडघ्यांना तेल लावतेस ना?

रविवारी तिघं संग्रहालयात गेलो होतो. खाली इथल्या बंद गिरणीतला माग मांडलाय, तुझे जावई चालवायचे तोच. "या खडखडाटात आम्ही ओठांवरूनच बोलणं ओळखायचो," हे लेकीला सांगत होते.

वर विज्ञानाचे खेळ आहेत. दालनाच्या दोन टोकांना दारापेक्षा मोठ्या दोन बशा आहेत. एकीत कुजबुजलं की दुसरीपाशी स्पष्ट ऐकू येतं. हे आमच्याकडे पाठ करून पलीकडे उभे राहिले.

"बाबा, हात वर करा," लेक बशीत म्हणाली. पुन्हा म्हणाली. हात हलला नाही.

म्हणजे घरीही हे आमचे ओठच बघतात. म्हणून फोन आला की माझ्या हातात देतात. म्हणून कुठे काम मिळत नाही.

मग मी बशीपाशी तोंड नेलं. ऐकू जाणार नाही, म्हणूनच धीर झाला. "मला फार भीती वाटते हो. आपलं कसं होणार?"

हे वळले, तेव्हा माझे ओठ मिटलेले होते.

"वा!" हसून म्हणाले, "शब्द न् शब्द ऐकू आला!"

बाबांना म्हणावं, पोरगी मजेत आहे.

तुझी,
धाकटी