छत्रीवाल्याच्या एकोणचाळीस भागांची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्तावन्न, धंद्याने एका दैनिकाचा वार्ताहर, पूर्ण शुद्धीवर असताना, चष्मा लावून आणि खांद्यामागे कोणीही उभे नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. याआधी मी असे काही केलेले नाही; त्यामुळे जुने रद्द करण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

व्यवस्थेकडे वळण्यापूर्वी एक तक्रार नोंदवणे कर्तव्य समजतो. हातात कायम मिटलेली छत्री घेऊन फिरणाऱ्या गुप्तहेराची जुनी मालिका ज्या कंपनीने डीव्हीडीवर काढली, तिने डब्याच्या झाकणावर त्याचा कोट तपकिरी छापला आहे. मालिका कृष्णधवल. एकोणचाळीस भागांत त्या कोटाला कोणी रंग दिलेला नाही. माझ्या पत्नीच्या मते तो बाटलीहिरवा होता, माझ्या मते निळा, आणि या मतभेदावर आमचा संसार तीस वर्षे सुखाने चालला. झाकण रंगवणाऱ्या इसमाने तो वाद परस्पर निकालात काढला. सदर इसमास माझ्या मालमत्तेतून काहीही मिळू नये.

कलम पहिले. दुसऱ्या मजल्यावरचे माझे स्वकष्टार्जित दोन खोल्यांचे घर पत्नीला, संपूर्ण मालकीहक्काने. गेली सहा वर्षे तिची नजर कमी होत गेली. आता तिला उजेड आणि अंधार यांतला फरक तेवढा कळतो. घर मात्र तिला पाठ आहे. म्हणून माझ्या पश्चात कोणीही, विशेषतः आमच्या लेकीने, प्रेमापोटी फर्निचर हलवू नये. लेक पूल बांधते. एखादी वस्तू इकडची तिकडे नेल्याशिवाय तिला भेट दिल्यासारखे वाटत नाही. मागच्या खेपेला तिने तिपाई खिडकीशी नेली. आईच्या नडगीवर त्याची खूण अजून आहे.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक पत्नीला आणि तिच्या पश्चात लेकीला. यात गोष्ट काही नाही, म्हणून कलम लहान.

कलम तिसरे. पाठशाळेत बारा वर्षे घोकून जे उरले ते म्हणजे चार जाडजूड संस्कृत कोश. ते लेकीला. तिला ते उघडायचे नसतील तर तिने ते दार अडकवायला वापरावेत. माझी हरकत नाही, पण चौथा खंड वापरू नये, त्याची शिवण सुटली आहे.

कलम चौथे, आणि खरे. छत्रीवाल्याचा तो डबा.

लग्न झाले तेव्हा ही मालिका आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून भाड्याच्या कॅसेटवर पाहिली. पत्नी तेव्हा रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर होती. सव्वीस वर्षे तिने लोकांना एकमेकांशी जोडून दिले आणि 'साहेब जागेवर नाहीत' या वाक्याचे तीसएक प्रकार ऐकले. कोण खोटे बोलतो ते तिला श्वासावरून कळते. मी बातमीदार असल्याने याचा घरात मला फार त्रास झाला.

गेल्या वर्षी डबा मिळाला. खुनी कोण ते तीस वर्षांत दोघेही विसरलो होतो. वाढत्या वयाचा मला झालेला हा एकमेव लाभ. ती कोचाच्या डाव्या टोकाला बसते, मी उजव्या. संवाद तिला ऐकू येतात. न बोलता जे घडते ते मी सांगायचे, तेही दोन संवादांच्या मधल्या फटीत बसवून. पहिल्याच भागात मी म्हणालो, "धूम्रवलयवेष्टित गुप्तहेर मंदगतीने गवाक्षाकडे प्रस्थान ठेवतो."

"धूर आहे आणि तो खिडकीशी गेला, असं म्हणा की."

"त्यात गंमत काय राहिली?"

"गंमत तो करतोय. तुम्ही फक्त दाखवा."

तरी मी सुधारलो नाही, आणि तिनेही फारसा आग्रह धरला नाही. खुनी मात्र प्रत्येक वेळी तिने माझ्या आधी पकडला.

एकोणतिसाव्या भागात तिने हात वर केला. "अहो, थांबवा जरा."

"का? आत्ता कुठे प्रेत सापडलंय."

"ते कुठे जात नाही. तुम्हाला धाप लागतेय."

"काहीतरीच. मी बसलोय."

"बसलाय खरं. पण आधी तुम्हाला एक दार उघडायला अख्खी ओळ लागायची. गेले चार भाग ऐकतेय मी. 'दार. माणूस. सुरी.' तुमच्या वाक्यांचा कोणीतरी खून केलाय. कोणी ते उद्या डॉक्टरांना विचारू."

डॉक्टरांनी तपासून सांगितले की हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. पत्नीने मान हलवली, जणू त्यांनी तिच्या निकालावर फक्त शिक्का मारला. येत्या गुरुवारी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर हे काम रोज करतात आणि ते बऱ्यापैकी कंटाळलेल्या सुरात म्हणाले, "दोन महिन्यांत पुन्हा लांब वाक्यं बोलाल." त्यांच्या कंटाळ्याचा मला मोठा आधार वाटतो. तरीही वकिलांनी सांगितले की लिहून ठेवलेले बरे, म्हणून हा प्रपंच.

तर, डबा पत्नीचा. त्यासोबत उजव्या टोकाला बसून सांगण्याचे काम मी तिच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्या मेहुण्याकडे सोपवतो. लेक दुसऱ्या गावी असते. हा खालच्या मजल्यावर राहतो, घड्याळे दुरुस्त करतो आणि आमच्याकडे चहाला न बोलावता येतो.

कलम पाचवे. जुना हिशेब. आमच्या लग्नाच्या वर्षी याच मेहुण्याने शेवटच्या भागाची कॅसेट आमच्याआधी दुकानातून आणून पाहिली आणि जिन्यात मला गाठून, मी एक शब्द विचारला नसताना, सांगितले, "भाऊजी, बहिणीनं केलंय." तीस वर्षांत बाकी एकूणएक खुनी मी विसरलो, ही बहीण तेवढी विसरू शकलो नाही. हा गुन्हा मी या कलमान्वये माफ करतो. माफी सशर्त आहे: त्याने डब्यातला कोणताही भाग ताईच्या आधी पाहू नये, आणि 'काही विशेष नाही, नुसता चालतोय' असे म्हणू नये. माणूस कसा चालतो यावर ती फाशी देते.

नेमणूक डोळे मिटून केलेली नाही. गेल्या रविवारी दुपारी तिसाव्या भागावर त्याची परीक्षा घेतली. मी स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर, तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर.

"एक माणूस आला," मेहुणा म्हणाला. "दुसरा उठला. पहिला बसला."

"अरे, कसले कपडे, कसला चेहरा, काही आहे का?" ताई म्हणाली.

"चेहरा आहे."

मी स्टुलावर हळहळलो. पुढची पंधरा मिनिटे अशीच गेली. मग तो एकदम पुढे सरकला.

"ताई, भिंतीवरचं घड्याळ बंद आहे गं."

"म्हणजे?"

"मघाशी चार वाजून दहा होते. आता ही बाई चहा पिऊन, रडून, पुन्हा चहा पिऊन झाली, तरी चार वाजून दहाच. लंबक हलत नाही. किल्ली दिलेली नाही त्याला."

पत्नी ताठ बसली. "आणि ती पोलिसांना म्हणाली की घड्याळात बघून सांगते, साडेपाचला किंकाळी ऐकली. खोटारडी! तिनंच केलंय."

तिनेच केले होते. हा भाग मी तरुणपणी दोनदा पाहिला होता. घड्याळाला मी 'भित्तिस्थ कालयंत्र' म्हटले असते आणि वेळ सांगायला विसरलो असतो. बहीणभाऊ इतके हसले की माझ्या चहाची आठवण कोणालाच राहिली नाही. मला बरे वाटले, थोडे वाईटही वाटले, आणि दोन्ही नोंदवून ठेवतो.

उरलेले नऊ भाग राखून ठेवले आहेत. ते मीच सांगणार, असा माझा इरादा आहे आणि डॉक्टरांचाही. मेहुण्याने तोवर ताईने ऐकून झालेल्या भागांवर सराव करावा; दर भागातली घड्याळे त्याची, बाकी माझे, अशी वाटणी मला मान्य आहे.

कलम सहावे. या कागदाची अंमलबजावणी लेकीने करावी. तिने आईला हे मोठ्याने वाचून दाखवावे आणि मध्ये रडू नये. आईला ऐकू येते.

स्थळ: आमची पुढची खोली. दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीचा सोमवार, सकाळ.

सही: (वार्ताहर)

आम्हां दोघांच्या देखत वरील सही झाली:
साक्षीदार एक: दैनिकाचे मुद्रितशोधक. (यांनी मसुद्यात सात चुका काढल्या, त्यांतल्या तीन मी मान्य केल्या.)
साक्षीदार दोन: शेजारच्या दंतवैद्य बाई. (मेहुणा सही करायला पेन उघडून बसला होता. ज्याला लाभ आहे त्याने साक्षीला राहू नये, असे सांगून त्याला चहा करायला पाठवले.)

सहीच्या खाली लिहिलेले कायदा धरत नाही, असे वकील म्हणतात. म्हणून हे इथे लिहितो.

मला तिने आजवर 'आता काय दिसतंय?' असे कधी विचारावे लागलेले नाही. मी आधीच सांगत आलो. आणि 'येऊन सांगत बस' असे कोणाला म्हणणाऱ्यातली ती नाही. मेहुणा एखाद्या दिवशी दुकानात अडकेल, लेकीला सुट्टी मिळणार नाही, आणि पत्नी टीव्ही बंद करून सगळ्यांना सांगेल की मला हल्ली कंटाळाच येतो. तिचा तो आवाज खरा वाटेल. तो खोटा आहे हे ओळखणारे घरात कोणी नसेल, याची मला काळजी वाटते.