खाली सोडलेली पिशवी

चारकोप, रविवार

प्रिय गार्गी,

अक्षर वर-खाली गेलंय म्हणून हसू नकोस. तुझा दहावीच्या परीक्षेचा पॅड आईने खिडकीच्या ग्रिलला अगदी माझ्या नाकासमोर बांधून दिलाय आणि खुर्चीत बसून मी भिंतीवर लिहावं तसं लिहितोय. कारण पुढे सांगतो. घाटकोपरला सगळं ठीक ना? मिथुनला माझा नमस्कार सांग. लग्नाला न आलेल्या सासऱ्याचा नमस्कार कितपत चालतो, कोण जाणे.

तुझी फार आठवण येते गं. कॉलेजला निघालीस की रोज काहीतरी विसरायचीस, कधी डबा, कधी आयकार्ड. मग खालून हाक, बाबा, पिशवी सोडा! तीन मजले चढायचा कंटाळा, दुसरं काय! आणि मीही तुझे लाड पुरवणारा, दोरीला पिशवी बांधून सोडायचो. ती दोरी अजून खिळ्यावर आहे. आईने एकदा तिच्यावर कपडे वाळत घातले, तर केवढा भडकलो मी.

वर्षभर पार्किन्सनच्या गोळ्या घेतोय, हे आईने सांगितलंच असेल. चाल मंद, मान ताठ, बोलणं जड. गोळ्यांनी काडीचा फरक पडला नाही, उलट जिन्यात दोनदा पडलो. शेवटी अंधेरीच्या एका डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा एमआरआय काढायला लावला. फोटो दाखवून म्हणाल्या, हा पार्किन्सन नाही, सुरुवातीला तसाच दिसणारा दुसरा आजार आहे. मेंदूचा मधला भाग आक्रसलाय, बाजूने पाहिलं की लांब चोचीचा पक्षी दिसतो. मला लगेच पटलं. कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षं हेच तर केलं. दोन भाग नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात, मापाचा गेज लावला की फरक कळतो. या आजारावर औषध नाही. त्यात नजर खाली वळेनाशी होते, म्हणून मला पायरी दिसत नाही, ताटातला भात दिसत नाही.

जानेवारीतल्या त्या दुपारी तुझी हाक मी ऐकली होती. आई मुलुंडला गेलेली. धडपडत खिडकीशी आलो, तर समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या दिसल्या, तू दिसली नाहीस. भास झाला म्हणून परत जाऊन बसलो. तू आईला फोनवर म्हणालीस, बाबा खिडकीत उभे होते, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी आईशी भांडलो, की तू आलीच नव्हतीस. हा फोटो वर्षभर आधी निघाला असता, तर माझ्या डोळ्यांवर मी इतका विसंबलो नसतो, निदान थांब म्हणून ओरडलो असतो. लग्नाच्या वेळी मी खरंच तोंड फिरवलं होतं. ती चूक माझी, ती कुठल्याही आजारावर ढकलता येणार नाही. पण त्या दुपारी मी तोंड फिरवलं नव्हतं, पोरी.

आई फोन करून सांगणार होती, मीच अडवलं. हे माझ्याच हातचं तुला मिळायला हवं, हात चालतोय तोवर. हल्ली रोज संध्याकाळी सहाला मी पिशवी खाली सोडून बसतो. सोसायटीवाले हसतात, हसू देत. तू आलीस तरी मला दिसणार नाहीस, म्हणून वर बघत थांबू नकोस. दोरीचं टोक माझ्या मनगटाला बांधलेलं असतं. तू फक्त ओढ.

तुझाच,
तिसऱ्या मजल्यावरचा बाबा