वर चढलेल्या माणसाला नावाने हाक मारल्याबद्दल

प्रति,
मेहेरबान इंजिनियर साहेब,
नवी कचेरी इमारत बांधकाम,
चांदा.

विषय : परांचीवरून पडलेल्या मजुरावरील दारूचा ठपका काढून तो कसूर अर्जदाराच्या नावे लिहिण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराने आपल्या कचेरीत येऊन केलेली तोंडी विनंती, जी कोणी लिहून घेतली नाही.

महोदय,

सविनय निवेदन असे की, अर्जदार सुगंधाबाई ही वनखात्यातील नाकेदार कै. गुणवंतराव निकुरे यांची पत्नी असून आपल्या पाच मजली इमारतीच्या अगदी समोर राहते. तिच्या ओट्यावरून इमारतीचा पाया ते माथा सगळे दिसते. या अर्जाचे मूळ त्या ओट्यातच आहे.

१. पूर्वी त्या जागी चिंचेची झाडे होती. भामरागडाकडून बांबू घेऊन येणाऱ्या गाड्या त्यांच्या सावलीत बैल सोडून थांबत, आणि गाडीवान दगडांच्या चुलीवर भात शिजवीत. झाडे तुटली त्या दिवशी अर्जदाराने चूल पेटवली नाही. पण भिंती वर येऊ लागल्या तसे तिचे मन फिरले. डाळ निवडायची ती ओट्यावर, चहा घ्यायचा तो ओट्यावर. शेजारची शकुबाई येताजाता म्हणे, "बिल्डिंग बांधून राह्यलं सरकार, अन् देखरेख करून राह्यली आमची बाई!" अर्जदार हसत असे. एखाद्या दिवशी काम बंद राहिले तर तिला करमत नसे.

२. परांचीचे बांबू बांधणारा गडी हा भामरागडाकडच्या इसरूचा मुलगा. यजमान तिकडच्या नाक्यावर असताना इसरू मोहोळ उतरवायला उंच झाडांवर चढे आणि अर्जदार खाली उभी राहून पाही. तेव्हा ती नवी सून होती. एकदा तिने हाक मारायला तोंड उघडले, तर इसरूच्या बायकोने तिच्या तोंडावर हात ठेवला. खाली उतरल्यावर इसरू म्हणाला, "बाई, चढलेल्या माणसाचं नाव घेऊ नका. नाव घेतलं का तो नावाकडे फिरते, अन् वर फिराले जागा नसते." तिकडे हा नेम सगळेच पाळतात. वरच्याशी बोलायचेच झाले तर नुसते 'मामा' म्हणतात. त्याचे पाय जमिनीला लागले की मगच त्याचे नाव घेतात, आणि ते सगळ्यांनी मिळून, मोठ्याने. अर्जदाराने तो नेम त्या जंगलात इतकी वर्षे पाळला.

३. आणि चांद्यात येऊन मोडला. त्या सकाळी तो गडी चौथ्या मजल्याच्याही वर, उघड्या परांचीवर उभा होता. ऊन त्याच्या पाठीमागे होते. अर्जदाराला तो हुबेहूब इसरू दिसला, तसाच एक हात वर, तसेच दोरीचे टोक दातांत. तिला इतका आनंद झाला की ती डाळीचे सूप ठेवून उठली आणि पोराला बोलवावे तशी त्या गड्याचे नाव घेऊन ओरडली. त्याने दातांतली दोरी सोडली, वळला आणि म्हणाला, "काय बाई?"

एवढेच म्हणाला. मग त्याचा पाय बांबूवरून सुटला. खाली वाळूचा ढीग होता म्हणून जीव वाचला. मांडीचे हाड मोडले.

४. मुकादमाने तोंडी सांगितले आणि कागदावर चढले, की गडी मोहाची दारू पिऊन वर गेला होता. त्यावरून त्याच्या गावच्या सगळ्या माणसांना कामावरून काढले आहे. त्यांनी आपल्या टोपल्या बांधल्या आहेत. येत्या बाजाराच्या दिवसानंतर ते निघतील. तो गडी मात्र मागे दवाखान्यात, अंगावर दारुड्याचे नाव घेऊन राहील. त्याने त्या दिवशी पेज पिऊन काम धरले होते. त्याची बायको इतवारी हिने ती जुन्या ओळखीने अर्जदाराच्याच चुलीवर रांधली होती.

५. अर्जदार हे सांगायला आपल्या कचेरीत गेली. तेथील बाबू भला माणूस. त्याने बसायला स्टूल दिले, सगळे ऐकले, आणि म्हणाला, "बाई, बुढीनं हाक मारली म्हणून माणूस पडला असं लिवलं, तं साहेब मलेच खाली उतरवन." मुकादम म्हणाला, "तुम्ही घरी जा, आराम करा." कोणी रागावलेसुद्धा नाही. इतवारीपुढे पदर पसरला, तर तीच म्हणाली, "काऊन रडता बाई? तुमी तं मायेनं बोलावलं." साहेब, ते ऐकल्यापासून अर्जदाराला ओट्यावर समोर तोंड करून बसवत नाही. ती इमारतीकडे पाठ करून भिंतीशी बसते. तरी हातोड्याचा आवाज कोणत्या मजल्यावरून येतो ते तिला कळतेच.

६. म्हणून प्रार्थना अशी :

दारूचा ठपका खोडावा आणि तेथे 'समोरच्या बाईने नावाने हाक मारली' असे लिहावे. त्याच्या गावच्या माणसांना बाजारापूर्वी परत कामावर घ्यावे. कसूर कोणाच्या तरी अंगावर टाकल्याशिवाय कागद पुरा होत नसेल तर अर्जदार हजर आहे. शिक्षा म्हणून इमारत पुरी होईतो तिच्या ओट्यापुढे बांबूचा तट्टा उभा करावा. तट्टा तिच्या खर्चाने करावा, आणि त्यात फट ठेवू नये. फट राहिली तर ती पाहील. तिला स्वतःचा भरवसा उरलेला नाही.

७. या अर्जात त्या मजुराचे नाव कोठेही आलेले नाही, ही उणीव आपल्या ध्यानी येईल. ती चूक नाही. तो खाटेवर पडून आहे, त्याचे पाय अजून जमिनीला लागलेले नाहीत, म्हणून अर्जदार त्याचे नाव घेणार नाही, लिहिणारही नाही. इतवारी नवऱ्याचे नाव घेत नाही. त्याच्या गावची माणसे नेमाने गप्प आहेत. मुकादमाकडे नाव आहे, पण ते दारूला चिकटलेले.

तरी आपण स्वतः दवाखान्यात यावे आणि त्यालाच विचारावे. तो नाव सांगेल, आणि कसा पडला तेही सांगेल. इतक्या दिवसांत त्याला कोणी विचारलेले नाही, साहेब. विचारायला अर्जदारही गेली नाही. दारापर्यंत गेली आणि परत आली, कारण तिला पाहिल्यावर तो पुन्हा "काय बाई?" म्हणेल.

आपली नम्र, आणि या कामी कसूरवार,
सुगंधाबाई गुणवंतराव निकुरे
चांदा, दि. ११ मार्च १९५८

सोबत : कागद नाही. साक्ष दवाखान्यात, खिडकीजवळच्या खाटेवर आहे.